'फेअर' कुणाच्या मापाने?

शाळेत प्रत्येक विषयाच्या दोन वह्या असायच्या, रफ आणि फेअर. गणित आधी रफमध्ये सोडवायचं, चुकलं तर काट मारायची आणि मग समास सोडून, सुवाच्य अक्षरात फेअरमध्ये उतरवायचं. खाडाखोड नाही ते फेअर, इतकाच त्या शब्दाचा अर्थ तेव्हा माहीत होता. सुट्टीत कॅरमच्या पाटाभोवती दुसरा अर्थ कळला: फाऊल नाही ते फेअर. पुढे चुलत बहिणीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. काकांनी परिचयपत्रिकेत 'वर्ण' या रकान्यापुढे 'गव्हाळ' लिहिलं होतं. मध्यस्थांनी ते खोडलं आणि तिथे 'फेअर' लिहिलं. म्हणाले, "असंच लिहायचं असतं." आणि त्याच घरात, त्याच ओसरीवर, उसाच्या बिलाची चर्चा निघाली की 'एफआरपी' हा शब्द दर दोन वाक्यांनी यायचा. त्यातला 'एफ'सुद्धा फेअरचाच, हे मला फार उशिरा उमगलं.

एकच विशेषण वही, खेळ, मुलीचा रंग आणि उसाचा दर या चारही ठिकाणी बसतं, हे विचित्र आहे. इंग्रजीत ते कसं घडलं याला इतिहास आहे. पण आपण तो शब्द उचलताना त्याच्या पोटातली गुंतागुंतही उचलली, आणि तिचे परिणाम आज बाजारात, लग्नात आणि शेतात दिसतात. म्हणून हा लेख.

आधी कूळ बघू. जुन्या इंग्रजीत या शब्दाचं रूप 'फेगर' असं होतं आणि अर्थ होता सुंदर, मनाला भावणारं. त्याच कुळातल्या गॉथिक भाषेत 'फाग्र्स' म्हणजे योग्य, जुळणारं, ज्याच्या-त्याच्या जागी नीट बसणारं. आपण 'साजेसं' म्हणतो तसं काहीसं. म्हणजे आरंभी या शब्दाचा रंगाशी काही संबंध नव्हता. स्वच्छ आकाश फेअर, अनुकूल वारा फेअर, देखणी व्यक्ती फेअर. पुढे इंग्रजांच्या सौंदर्याच्या कल्पनेत उजळ कांती आणि पिंगट केस वरच्या जागी बसले आणि 'सुंदर' या अर्थाला 'गोरा' हा अर्थ चिकटला. दुसऱ्या बाजूने, डाग नसलेलं ते सुंदर, तसं खोट नसलेलं ते उचित, असा अर्थ सरकत गेला आणि चौदाव्या शतकाच्या सुमारास तो 'निःपक्षपाती, न्यायाचा' इथवर पोचला. पुढे आणखी एक उतरण लागली. ठीकठाक, मध्यम, बरा अशा अर्थानेही तो वापरात आला. निकालपत्रात 'गुड'च्या खाली जो 'फेअर' शेरा असतो, तो हा.

(जत्रेला म्हणतात तो 'फेअर' वेगळा. तो लॅटिनमधल्या सणाच्या दिवसावरून, 'फेरिया'वरून आला. एसटीच्या तिकिटाचा 'फेअर' तिसराच, त्याच्या मुळाशी प्रवास करणं हे क्रियापद आहे. कानाला सारखे, नात्याने परके.)

सुंदर, गोरा, न्याय्य आणि बरा हे चार अर्थ एका शब्दात राहतात तेव्हा एकाचं तेज दुसऱ्यावर पडतं. देखणं आहे ते न्यायाचं वाटतं, गोरं आहे ते निर्दोष वाटतं, आणि जेमतेम बरं असलेल्या गोष्टीलाही न्यायाचा मान मिळून जातो. इंग्रजी बोलणाऱ्या समाजांना हा शब्द अत्यंत प्रिय आहे. जर्मन भाषेने तर त्याचं भाषांतर करण्याऐवजी तो जसाच्या तसा घेतला. पण मराठीला त्याची गरज आहे का?

आपल्याकडे न्याय-अन्यायाची समज या शब्दाची वाट बघत थांबलेली नव्हती. उलट ती इतकी बारीक आहे की एकच एक सर्वसाधारण विशेषण आपण कधी घडवलंच नाही. 'पंक्तिप्रपंच' हा शब्द घ्या. जेवणाची पंगत बसली आहे, वाढपी आपल्या माणसाच्या पानात तूप सढळ हाताने सोडतो आणि पुढच्या पानापाशी पळी आखडती घेतो. शब्द उच्चारताच वाढपी दिसतो, पळी दिसते, कोरडं राहिलेलं पानही दिसतं. 'झुकतं माप' म्हटलं की तराजू धरणारा हात दिसतो. 'डावं-उजवं करणं' म्हटलं की घरातला वडीलधारा माणूस दिसतो, ज्याच्या दोन लेकरांपैकी एक थोडं अधिक लाडकं आहे. 'रडीचा डाव' म्हटलं की हरायला आल्यावर नियम बदलणारा गडी दिसतो. यातला प्रत्येक शब्द करणाऱ्याकडे बोट दाखवतो. 'फेअर' आणि 'अनफेअर' यांत कुणीच दिसत नाही. 'हे फेअर नाही' असं म्हणून माणूस गप्प बसू शकतो. 'हा पंक्तिप्रपंच आहे' असं म्हटलं की वाढप्याला उत्तर द्यावं लागतं.

भाषांतरात तर आपली भाषा कधी कधी मूळ वाक्याहून अधिक प्रामाणिक ठरते. प्रेमात आणि युद्धात सगळंच 'फेअर' असतं, अशा अर्थाची इंग्रजी म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या कशी म्हणतो? 'प्रेमात आणि युद्धात सारं काही क्षम्य असतं.' ज्या कुणी ते पहिल्यांदा केलं त्याने 'रास्त' हा शब्द घेतला नाही, 'न्याय्य' घेतला नाही. 'क्षम्य' म्हणताना चूक घडली आहे हे आधी मान्य करावं लागतं, मगच ती पोटात घालता येते. इंग्रजी वाक्य युद्धातल्या कपटाला धुऊन स्वच्छ करतं. मराठी वाक्यात डाग राहतो, फक्त माफी मिळते. मला हा फरक फार मोठा वाटतो.

आता त्या परिचयपत्रिकेकडे येतो. मराठीत रंगाची परिमाणं पूर्वीपासून आहेत: गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा. त्यांत उतरंड होती आणि आहे. तिचं खापर इंग्रजीवर फोडता येणार नाही. 'गोरीगोमटी सून हवी' हे वाक्य इंग्रज यायच्या आधीपासून या मातीत आहे. पण 'गोरी' म्हणताना मराठी माणूस रंगाबद्दलच बोलत होता. ज्या पंढरीच्या देवासाठी लाखो पावलं चालत जातात तो सावळा आहे, आणि सावळेपण हेच त्याच्या रूपाचं कौतुक आहे. गोरं ते चांगलं, या समजाला भाषेतच उत्तर उभं होतं. 'फेअर' आला आणि ती जागा बुजली. रंगाचा उल्लेख आता सभ्य, शिकलेला, जणू गुणवत्तेचा शेरा झाला. मध्यस्थांना 'गोरी' लिहायला कदाचित संकोच वाटला असता, कारण ते खोटं होतं आणि सगळ्यांना दिसलं असतं. 'फेअर' लिहायला काही वाटलं नाही.

या शब्दावर एक मोठा बाजार उभा राहिला. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम भारतात १९७५ साली आलं आणि पंचेचाळीस वर्षं त्याच नावाने घराघरात राहिलं. जाहिरातीची गोष्ट ठरलेली: सावळी मुलगी, नाकारलेली नोकरी किंवा मोडलेलं लग्न, मग ट्यूब, मग उजळ चेहरा आणि यश. २००९ मध्ये 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू झाली, २०१३ मध्ये नंदिता दास तिच्याशी जोडल्या गेल्या. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे या धंद्याच्या स्वतःच्याच संस्थेने, सावळ्या माणसाला दुःखी किंवा कमी दर्जाचं दाखवू नका असे नियम केले. आणि २०२० मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर जगभर वर्णद्वेषाविरुद्ध लोक रस्त्यावर आले तेव्हा कंपनीने नावातून 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. त्याच काळात लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगावरून स्थळं गाळण्याची सोय बंद केली.

नाव बदलल्याने काय झालं, असं पुष्कळांनी विचारलं. ट्यूबमधला लेप तोच, ती घेणारं मनही तेच. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पण एका अब्जावधींच्या धंद्याला आपल्या नावातलं मुख्य विशेषण सोडावं लागलं, ते विशेषण वाचवता येईना म्हणूनच. जे तिथे झालं ते आपल्या परिचयपत्रिकांतून व्हायला काय हरकत आहे? वधू-वर सूचक मंडळांनी छापील अर्जातला 'वर्ण' हा रकानाच काढून टाकावा. फोटो असतोच. ज्याला रंग पाहायचा तो पाहील, पण मुलीने स्वतःच्या हाताने तो भरून देऊ नये. माझ्या बहिणीने तो 'फेअर' वाचला तेव्हा ती काही बोलली नाही. पुढच्या कांदेपोह्याच्या कार्यक्रमाआधी मात्र तिने दोन तास आरशासमोर काढले, कारण कागदावर लिहिलेलं खरं ठरवायची जबाबदारी आता तिच्यावर होती.

आता ऊस. याविषयी मला सर्वात जास्त बोलायचं आहे.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे केंद्र सरकार उसाचा दर ठरवतं. २००९ पर्यंत त्या दराचं नाव होतं 'वैधानिक किमान किंमत', एसएमपी. २००९ मध्ये ते बदलून 'रास्त आणि किफायतशीर दर' झालं, तीच एफआरपी, 'फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस'. ऐकायला हे नाव किती भारदस्त! किमानवरून रास्तवर आलो. पण त्याच दुरुस्तीत आणखी काय झालं ते पाहा. जुन्या आदेशात ५-अ नावाचं कलम होतं. हंगाम संपल्यावर कारखान्याला जे जास्तीचं उत्पन्न होईल त्यात ऊस उत्पादकाचा निम्मा वाटा, अशी त्यात तरतूद होती. ते कलम गेलं. किमान हा शब्द स्वतःबद्दल खरं बोलत होता: मी तळ आहे, माझ्या वर जागा आहे. त्या वरच्या जागेचा हिशेब ५-अ करत होतं. 'रास्त' आलं आणि वरची जागाच संपली. एकदा दर रास्त ठरला की त्याहून जास्त मागणारा शेतकरी आपोआप हावरा ठरतो. विशेषण सुधारलं, हक्क कमी झाला.

नव्या आदेशात दर ठरवताना पाहायच्या गोष्टींची यादी आहे: उत्पादन खर्च, दुसऱ्या पिकांतून मिळू शकणारं उत्पन्न, साखरेची विक्री किंमत, उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, मळी आणि चिपाडांसारख्या उपपदार्थांची कमाई, शेतकऱ्याची जोखीम आणि नफा यांपोटी वाजवी रक्कम. या यादीत आणखी एक बाब आहे: ग्राहकाला साखर 'फेअर' किमतीत मिळावी. म्हणजे तोच शब्द दोन्ही टोकांना. चहात साखर घालणाऱ्यासाठी फेअर म्हणजे स्वस्त, ऊस लावणाऱ्यासाठी फेअर म्हणजे चार पैसे जास्त. दोन्ही पारड्यांवर एकच अक्षर लिहिलं आहे आणि दांडी सरकारच्या हातात आहे.

त्या दांडीचं काम आकड्यांत बघू. २०१७-१८ च्या हंगामात एफआरपी क्विंटलला २५५ रुपये होती, साडेनऊ टक्के उताऱ्याला. पुढच्या हंगामात ती २७५ जाहीर झाली. वीस रुपयांची वाढ म्हणून मथळे झाले. पण पायाभूत उतारा, म्हणजे जाहीर दर ज्या उताऱ्याला लागतो तो, त्याच वेळी साडेनऊवरून दहा टक्के केला होता. जुन्याच दराने दहा टक्के उताऱ्याच्या उसाला २६८ रुपये ४२ पैसे बसत होते. म्हणजे खरी वाढ साडेसहा रुपयांच्या आसपास. २०२२-२३ मध्ये पुन्हा तेच: २९० वरून ३०५, पण पाया दहावरून सव्वादहा टक्के. पंधरा रुपयांच्या वाढीतली निम्मी वाढ पाया उचलण्यातच विरली. माझ्या गावचे, शाळा चौथीत सोडलेले शेतकरी हा हिशेब बोटांवर करून दाखवतात. रडीचा डाव म्हणतात तो याला.

कारखान्यांची बाजूही खोटी नाही. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि नंतर कित्येक हंगाम तिथेच राहिला, तर एफआरपी २७५ वरून २०२५-२६ पर्यंत ३५५ वर गेली. कर्ज काढून बिलं भागवणारे सहकारी कारखाने आहेत आणि त्यांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे. पण त्यावरचा उपाय शेतकऱ्याच्या दरातला 'रास्त' हा शब्द पातळ करणं हा असू शकत नाही. चौदा दिवसांत पैसे द्या, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज द्या, हे त्याच आदेशात लिहिलेलं आहे. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याचा निर्णय काढला. त्याविरुद्ध स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे राजू शेट्टी न्यायालयात गेले, त्यांनी तो लढा लावून धरला आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. तीन हंगाम गेले. रक्कम रास्त असली तरी तिची वेळ रास्त नसेल तर सोसायटीच्या पीककर्जाचं व्याज त्या रास्तपणाला खातं.

इथे मला मराठी नावाकडे परत यावंसं वाटतं, कारण आपण ते वापरतच नाही. 'एफआरपी किती बसली?' असं विचारतो. तीन अक्षरांत विशेषण गडप झालं आणि त्याच्याबरोबर प्रश्नही. 'रास्त' हा फारसीतून आलेला शब्द आहे, अर्थ सरळ, खरा. संस्कृतातला 'ऋजु' आणि इंग्रजीतला 'राइट' हे त्याचे दूरचे भाऊबंद. 'किफायत' अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ पुरेसं असणं. म्हणजे कायद्याच्या मराठी नावातच दोन कसोट्या ठेवलेल्या आहेत: दर सरळ हिशेबाने ठरला का, आणि तो पुरतो का. ऊस परिषदेच्या मांडवात, कारखान्याच्या वार्षिक सभेत, विधानसभेत या दोन शब्दांनी प्रश्न विचारले पाहिजेत. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाची सत्तर-तीस वाटणी (सत्तर टक्के शेतकऱ्याला, तीस कारखान्याला) सुचवली, महाराष्ट्राने २०१३ मध्ये त्यासाठी कायदाही केला. त्या वाटणीत निदान काय मोजायचं आणि किती वाटायचं हे उघड आहे. असा उघड हिशेब मला कुठल्याही 'फेअर'पेक्षा जवळचा वाटतो.

आपल्या सरकारी मराठीला 'फेअर'साठी एक शब्द पुरला नाही, हे मला चांगलंच लक्षण वाटतं. उसाला 'रास्त', जमीन संपादनाच्या २०१३ च्या कायद्यात भरपाईला 'वाजवी', वेतनाला 'उचित'. रेशन दुकानाच्या पाटीवर 'रास्त भाव दुकान' असं लिहिलेलं असतं, लोक मात्र त्याला स्वस्त धान्य दुकान म्हणतात. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षेतलं धान्य तिथे फुकटच मिळतं. पाटीवरचा शब्द महागाईच्या काळातली आठवण म्हणून उरला आहे. मुंबईत रेशनिंग सुरू झालं १९४३ साली, तेव्हा काळ्या बाजाराच्या तोंडावर 'रास्त भाव' या दोन शब्दांना केवढा अर्थ असेल.

वेतनाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि शिकण्यासारखी आहे. १९४८ साली नेमलेल्या उचित वेतन समितीने तीन पायऱ्या आखल्या. खाली किमान वेतन, वर निर्वाह वेतन म्हणजे सन्मानाने जगता येईल एवढं, आणि मध्ये कुठेतरी उचित वेतन. त्या मधल्या पायरीची खालची मर्यादा किमान वेतन आणि वरची मर्यादा उद्योगाची देण्याची ऐपत. म्हणजे 'फेअर' वेतन हे माणसाच्या गरजेइतकं असेलच असं नाही, हे त्या समितीने स्पष्ट लिहून ठेवलं. फेअर म्हणजे बरा, हा निकालपत्रातला जुना अर्थ इथे पुन्हा भेटतो. संविधानाच्या ४३ व्या कलमात मात्र शब्द आहे तो निर्वाह वेतनाचा. घटनाकारांनी वरची पायरी निवडली. आपण पंचाहत्तर वर्षांनंतरही मधल्या पायरीवर समाधान मानायला शिकवतो.

आणि या साऱ्या हिशेबात एक माणूस कुठेच नाही. एफआरपीतून तोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होऊन शेतकऱ्याच्या हाती रक्कम येते. ही तोडणी करणारी जोडपी बीड आणि आजूबाजूच्या दुष्काळी तालुक्यांतून दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसून येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. पहाटे थंडीत ती बाई मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, आणि तिच्या कामाचा दर टनावर ठरतो, तासावर नाही. आजारपणाने एक दिवस गेला तर खाडा म्हणून तो कापला जातो. आमच्या घरी 'एफआरपी थकली' म्हणून संताप व्हायचा तेव्हा अंगणात तिची पोरं पाचटाशी खेळत असायची. तिच्या टनाच्या दराला रास्त की किफायतशीर असं विचारलेलं मी तेव्हा कधी ऐकलं नाही. पंगतीत आम्ही आमच्या पानातलं तूप मोजत होतो. तिचं पान मांडलंच नव्हतं.

ऊसदराच्या पुढच्या बैठकीत, दराच्या पहिल्या आकड्याआधी, तोडणीचा दर रास्त कसा ठरवणार हे विचारलं जावं, आणि ते आमच्यासारख्या ऊसवाल्यांनीच विचारावं.